खुनाच्या गोष्टीतला गारवा

"काय वाचून राहिली गं? दोनदा हाक मारली मी."

मे महिन्याची दुपार. बाहेर ऊन रणरणत होतं, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारं लोटून, कूलर लावून मी पुस्तकात डोकं घालून बसले होते. शेजारच्या काकूंना दुपारची झोप येत नाही, म्हणून त्या मधल्या दारानं आमच्याकडे येतात. वय ७८. मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हा व्हायचं होतं, कान मात्र तिखट.

"खुनाची गोष्ट आहे काकू," मी सांगितलं. "इंग्लंडमधला एक मठ, आणि तिथे जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी सापडलेला एक मुडदा."

काकू कूलरसमोर खुर्ची ओढून बसल्या. माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, "खुनाची गोष्ट वाचून बरं वाटते तुला? चेहरा तर असा दिसून राहिला, जशी पोथी वाचून उठली."

त्या दिवशी मी काहीतरी तुटक उत्तर दिलं. प्रश्न मात्र डोक्यात राहिला, कारण तो नेमक्या जागी लागला होता. खून म्हणजे माणसाच्या हातून होणारं सगळ्यात वाईट काम. मग खुनाभोवती रचलेली कादंबरी दिवसभर थकलेल्या, रात्री डोळ्याला डोळा न लागणाऱ्या माणसाला आधार कशी देते? आणि ती जुन्या काळात घडत असली की आणखी गोड का लागते? मी गेली वीसेक वर्षं ही पुस्तकं वाचते आहे. त्यांनी मला जे दिलं ते काकूंना समजेल अशा भाषेत सांगून बघते.

इंग्रजीत या प्रकाराला 'कोझी मिस्टरी' म्हणतात. शब्द आपल्या जुन्या घरांना अगदीच परका नाही. चहाच्या किटलीवर घालायचं कापूस भरलेलं टोपडं, टीकोझी, ते हेच. किटलीतला चहा जसा ऊन राहतो तसं वाचणाऱ्याचं मन उबेत राहावं, असा त्यातला भाव. थंड देशात सुखाचं दुसरं नाव ऊब. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा ऊब कोणालाच नको असते. आपलं सुख म्हणजे वाळा घातलेलं माठातलं पाणी, ओल्या ताटीतून येणारा वारा, दगडी फरशीवर टेकलेली पाठ. म्हणून मी या पुस्तकांना मनातल्या मनात गारव्याच्या रहस्यकथा म्हणते, आणि पुढेही तेच म्हणणार आहे.

नियम थोडेच आहेत. मरण पडद्याआड होतं, रक्तामांसाचं वर्णन नसतं. शोध घेणारं माणूस बहुधा पोलिसातलं नसतं. औषधी झाडपाला जाणणारा साधू, वकील बाई, ग्रंथपाल, खानावळवाली, असं दुसऱ्याच कामात बुडालेलं कोणीतरी असतं. जागा आटोपशीर: एक गाव, एक मठ, एक आळी. माणसं पाच-पंचवीस, आणि गुन्हेगार त्यांच्यातलाच. शेवटी तो सापडतोच. आणि सगळ्यात मोठा नियम प्रामाणिकपणाचा. रोनाल्ड नॉक्स हा इंग्रज धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहायचा. १९२९ मध्ये त्यानं या लेखनासाठी दहा आज्ञा लिहून ठेवल्या. त्यातली एक अशी, की शोध घेणाऱ्याला जो धागा सापडेल तो त्यानं वाचकापासून लपवायचा नाही. दुसरी अशी, की योगायोगाच्या मदतीनं त्याला सोडवायचं नाही.

या नियमाचं मोल मला एका सरकारी कचेरीनं शिकवलं. वडिलांच्या जमिनीचा एक कागद तिथे अकरा वर्षं अडकला होता. दर खेपेला नवीन टेबल, नवीन कारण, आणि कारण विचारलं की "साहेब रजेवर आहेत." माझी आई त्या चकरांमध्ये खचली. जगात आपल्यापुढे सगळे कागद कोणी मांडत नाही, आणि मांडले तरी त्यांचा अर्थ लागेलच असं नाही. त्या वर्षांमध्ये रात्री मी ही पुस्तकं धरली. इथे लेखक माझ्याशी करार करतो: जे मला माहीत आहे ते तुलाही सांगेन, आणि शेवटी अर्थ लावून देईन. तीनशे पानं असा करार पाळणारं माणूस सोबतीला असणं, हा गारवा नाही तर काय!

पण काकूंचा प्रश्न अजून तसाच आहे. अर्थ लागायला खूनच कशाला हवा? हरवलेली अंगठी चालली नसती का?

त्याचं उत्तर आपल्या नागपुरातच दरवर्षी रस्त्यावरून जातं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. कागद, कापड, बांबूची ती अवाढव्य बाई, तिच्यामागे त्या त्या वर्षाच्या दुखण्यांचे बडगे: महागाईचा, भ्रष्टाचाराचा, रोगराईचा. इतवारीत दोघी भेटतात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. लहानपणी मी बाबांच्या खांद्यावर बसून ते पाहिलं आहे. "इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" असा हजारो गळ्यांचा ओरडा होतो, आणि मग ती मारबत गावाबाहेर नेऊन जाळतात. मला तिची भीती वाटायची आणि ती यावी असंही वाटायचं. आता कळतं की दोन्ही एकदम वाटणं हेच त्या दिवसाचं काम आहे. वर्षभर घराघरात पसरलेलं, नाव नसलेलं वाईट एका आकृतीत गोळा करायचं, तिला चेहरा द्यायचा, सगळ्यांनी मिळून तिच्याकडे बघायचं, आणि मग तिला वेशीबाहेर काढायचं.

गारव्याची रहस्यकथा हेच करते. गावात काहीतरी सडलेलं असतं: दाबून ठेवलेला लोभ, वर्षानुवर्षांचा मत्सर, कोणाच्या तरी वाट्याची लुबाडलेली जमीन. खून झाला की ते अंगावर येतं. प्रत्येकजण प्रत्येकाकडे संशयानं बघू लागतो, शेजारधर्म मोडतो, चुली वेगळ्या पडतात. आणि गुन्हेगाराचं नाव कळलं की बाकीच्यांच्या अंगावरचा संशय उतरतो. डब्ल्यू. एच. ऑडेन हा मोठा कवी रहस्यकथांचा व्यसनी वाचक होता. त्यानं १९४८ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात जवळपास हेच म्हटलं आहे: जागा जितकी निर्मळ, तितका तिथला मुडदा जास्त खुपतो, आणि वाचकाला ओढ असते ती त्या जागेचा निर्मळपणा परत येण्याची. मारबत पाहिलेल्या माणसाला हे निबंधाविना कळतं. हरवलेल्या अंगठीसाठी कोणी मारबत काढत नाही. वेशीबाहेर न्यावं असं काहीतरी खरोखर भारी असावं लागतं.

आता काळाकडे वळू, कारण माझा जीव खरा तिथे आहे.

जुना काळ घेतला की लेखकाचं एक काम सोपं होतं. अपराध शोधण्याचं आजचं यंत्र बाजूला पडतं. डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत ॲलेक जेफ्रीज यांना इंग्लंडात लेस्टरला सापडली ती १९८४ मध्ये. आपल्या देशात कलकत्त्याला बोटांच्या ठशांचं कार्यालय उघडलं ते १८९७ मध्ये. त्याआधीची गोष्ट असेल तर ठसे नाहीत, कॅमेरे नाहीत, फोनची नोंद नाही. उरतं काय? कोण काय बोललं, कोणाचा हात थरथरला, कुठली वस्तू आपल्या जागी नव्हती. म्हणजे जे मलाही कळू शकतं तेच. प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञाशी मी स्पर्धा करू शकत नाही. स्वयंपाकघरातल्या ताटांची संख्या मात्र मीही मोजू शकते.

आणि इथे एक अद्भुत गोष्ट होते. रहस्यकथेत कुठलीही वस्तू धागा ठरू शकते, म्हणून वाचक प्रत्येक वस्तूकडे डोळे फाडून बघतो. एरवी ऐतिहासिक कादंबरीत दोन पानं भांड्याकुंड्यांचं वर्णन आलं की आपण ती उलटतो. पण याच भांड्यांपैकी एकात विष होतं हे माहीत असेल, तर तांब्या कुठला, पितळेचा की काशाचा, कल्हई होती की नव्हती, कोणी घासला, कोणी भरला, हे सगळं आपण अधाशासारखं वाचतो. इतिहास शिकवण्याची इतकी चांगली युक्ती मला शाळेत कोणी दाखवली नव्हती. तिथे सनावळ्या होत्या, लढाया होत्या, तह होते. आपल्या मराठी ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात १८७१ च्या 'मोचनगड'पासून धरतात, आणि तेव्हापासून तिचा ओढा गडांकडे, दरबाराकडे, पराक्रमाकडे राहिला. मला तीही आवडते. पण गडावरच्या कोठीत धान्य मोजणारी बाई काय विचार करत होती हे तिच्यात क्वचितच सापडतं.

याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण इजिप्तचं आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला लक्सरजवळच्या एका थडग्यात उत्खनन करणाऱ्यांना पपायरसवर लिहिलेली काही पत्रं मिळाली. ती साधारण चार हजार वर्षांपूर्वीची, हेकानख्त नावाच्या एका शेतकरी घरधन्याची. तो कामानिमित्त परगावी होता, आणि घरी लिहीत होता: अमुक शेत खंडानं घ्या, घरातल्या प्रत्येकाला इतकं इतकं धान्य द्या, माझ्या नव्या बाईला कोणी त्रास देऊ नका, आणि त्या मोलकरणीला घराबाहेर काढा. एकत्र कुटुंबातली ती धुसफूस वाचताना अंगावर काटा येतो, कारण ती आपल्याच वाड्यातली वाटते. ॲगाथा ख्रिस्तीबाईंचे एक स्नेही, स्टीफन ग्लॅनव्हिल, प्राचीन इजिप्तचे अभ्यासक होते. त्यांच्या आग्रहावरून बाईंनी याच पत्रांच्या आधारानं एक रहस्यकादंबरी लिहिली, ती १९४४ मध्ये प्रसिद्ध झाली. फेअरो नाही, पिरॅमिड नाही. एक घर, धान्याची कोठारं, वडिलांनी आणलेली नवी बाई, धुमसणारी मुलं आणि सुना. धान्य किती वाटायचं याच्या हिशेबात त्यांना खुनाचं कारण दिसलं. घरखर्चाची वही ही इतिहासाची केवढी मोठी खाण आहे, हे मला त्या पुस्तकानं दाखवलं.

माझ्या हातात त्या दिवशी होतं ते पुस्तक एलिस पीटर्स या नावानं लिहिणाऱ्या एडिथ पार्जिटर यांचं. त्यांचा ब्रदर कॅडफेल हा इंग्लंडमधल्या श्रूजबरीच्या मठातला साधू, तरुणपणी धर्मयुद्धात लढलेला, आता औषधी वनस्पतींची बाग सांभाळणारा. १९७७ ते १९९४ या काळात त्याच्या वीस कादंबऱ्या आल्या. काळ बाराव्या शतकाचा, राजगादीसाठी भाऊबंदकीचं युद्ध पेटलेलं. दुसऱ्या कादंबरीत राजा स्टीफन गड जिंकतो आणि आतल्या ९४ जणांना फाशी देतो. हा वेढा इतिहासात खरोखर पडला होता, ११३८ मध्ये. प्रेतांचे अंत्यसंस्कार करायला कॅडफेलला पाठवतात. तो मोजतो. ९५ भरतात.

मी हे काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी पंख्यासारखं हलवत असलेलं मासिक थांबवलं. "म्हंजे एक जास्तीचा?"

एक जास्तीचा. कोणीतरी आपला खून त्या ढिगाऱ्यात लपवला. राजाच्या हुकमानं मेलेल्या चौऱ्याण्णवांबद्दल कोणी काही विचारणार नव्हतं. कॅडफेल पंच्याण्णवाव्याचं नाव शोधत फिरतो. या एका आकड्यासाठी मी त्या बाईंपुढे हात जोडते. इतिहासात माणसं हजारांनी मरतात, आणि आपण ते आकडे वाचून पान उलटतो. ही कादंबरी म्हणते, थांब, परत मोज. एकाही माणसाचं मरण बेहिशेबी राहता कामा नये, ही या पुस्तकांची श्रद्धा आहे, आणि त्यांचा गारवा मला वाटतं याच झऱ्यातून येतो.

आता हे सगळं नागपुरात आणून बघू. मी एक गोष्ट जुळवली आहे, आमच्या पुस्तक भिशीतल्या मैत्रिणींसाठी. समजायला तीच सोपी जाईल.

साल १८८६. पोळ्याचा दिवस. महालात एका वाड्यात सुताचे व्यापारी नानाजी सकाळी मरून पडतात. रात्रभर उलट्या-जुलाब. पावसाळ्याचे दिवस, गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भीती, म्हणून सगळे म्हणतात, पटकी झाली. इथेच पहिला खरा इतिहास आहे: सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, पोटात गेला तर लक्षणं पटकीसारखीच दिसतात, आणि त्या काळी किती सोमल असा पटकीच्या नावावर खपला असेल याचा हिशेब कोणीच देऊ शकणार नाही.

नानाजींचा धंदा बसत चालला होता. रेल्वे नागपूरला आली १८६७ मध्ये, आणि १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. हातमागाच्या कोष्ट्यांना सूत विकून चाललेली घरं त्या भोंग्यानं हादरली होती. म्हणजे वाड्यात पैशाची ओढाताण होती, आणि ओढाताणीत कोण कसं वागतं ते आपण जाणतोच.

नानाजींचा भाऊ सांगतो, मी मुंबईहून आदल्या रात्रीच्या गाडीनं उतरलो, घड्याळात बघितलं, तेव्हा अमुक वाजले होते, घरी पोचायच्या आधीच ते आजारी पडले होते. पण घड्याळ कुठल्या वेळेचं? १९०६ मध्ये साऱ्या देशासाठी एक प्रमाण वेळ ठरली. त्याआधी मुंबईची वेळ वेगळी, रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर, आणि गावात सूर्याची वेळ. मुंबईला लावलेलं घड्याळ नागपूरच्या सूर्याच्या साधारण २५ मिनिटं मागे. पंचवीस मिनिटांत स्टेशनवरून टांग्यानं महालात येऊन एक तांब्या बदलून परत जाता येतं का? भिशीतल्या आम्ही नकाशा काढून भांडलो.

धाकटी जाऊ सांगते, मी सकाळपासून गच्चीवर मुंगवड्या राखत बसले होते, कावळे फार, खाली काय झालं ते मला ठाऊक नाही. पुराणिकबुवा सांगतात, नानाजींनी माझ्याकडून एक चिठ्ठी लिहवून घेतली होती. ती चिठ्ठी मोडी लिपीत, बुवांच्या पोथीतल्या वळणाची: "सुताचे चाळीस रुपये द्यावे." वाड्यातले सगळे म्हणतात, सुताच्या व्यापाऱ्याची चिठ्ठी, सुताचेच पैसे. पण सूत म्हणजे धागा, आणि सुत म्हणजे मुलगा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, आणि प्रत्यय लागला की बाळबोधीतही, म्हणजे देवनागरीतही, दोन्हींचं 'सुताचे'च होतं. नानाजी निपुत्रिक म्हणून गेले होते. मग हे चाळीस रुपये कोणत्या सुताचे? एका ओळीत आपली लिपी, आपला व्यापार आणि आपलं वारसाहक्काचं दुखणं एकत्र येतं. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले औरस वारस न ठेवता गेले आणि इंग्रजांनी सगळं नागपूरचं राज्य खालसा केलं. त्या शहरात 'सुत' हा शब्द किती जड असेल!

शोध कोण घेणार? पोलिसाला वाड्याच्या माजघरात शिरता येत नव्हतं. हीच अडचण जगभरच्या लेखकांना या प्रकारात वरदान ठरली आहे. सुजाता मॅसी यांच्या २०१८ च्या कादंबरीत १९२१ ची मुंबई आहे आणि नायिका पारशी वकील आहे. तिला कोर्टात उभं राहता येत नाही, पण पडद्यातल्या विधवांच्या दालनात ती जाऊ शकते, जिथे कुठल्याच पुरुष वकिलाला प्रवेश नाही. या नायिकेमागे खऱ्या कॉर्नेलिया सोराबजी आहेत, १८६६ मध्ये नाशिकला जन्मलेल्या, ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या, पडद्यातल्या बायकांच्या मालमत्तेसाठी झटलेल्या. म्हणजे ज्या बंधनानं बाईला अडवलं तेच तिची किल्ली झालं. या पुस्तकांमधले शोध घेणारे बहुधा असे उंबऱ्यावरचे असतात: ना पूर्ण आत, ना पूर्ण बाहेर.

माझ्या गोष्टीत मी कासारीण घेतली. ती आळीतल्या बहुतेक घरांत जाते. सणाच्या तोंडावर प्रत्येक बाईचा हात तिच्या हातात असतो, चांगली पाच-दहा मिनिटं. हात चेपून, बोटांची मुळं दाबून, बांगडी हळूहळू पुढे सरकवताना दुखू नये म्हणून ती बोलत राहते, आणि हात ढिला पडला की बाईही बोलू लागते. नवऱ्यानंही इतका वेळ धरला नसेल इतका वेळ तिनं तो हात धरलेला असतो. कोणाचा हात या वर्षी वाळला, कोणाच्या मनगटावर वळ आहे, कोणाला उगाच घाम सुटला, हे तिला कळतं. आणि बाईचा नवरा गेला की कासारणीचं काम त्या हातापुरतं कायमचं संपतं. नानाजींच्या बायकोच्या फुटलेल्या काचा उंबऱ्याशी पडलेल्या आहेत, आणि त्या कोणत्या पेटीतल्या ते तिला ठाऊक आहे. ती शोध घेते, कारण तो हात तिनं आठ वर्षं भरला होता.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही, आणि टाळूही नये. जुन्या काळाचा हा गारवा कोणाच्या वाट्याचा? वाड्याला पुढचं दार होतं तसं मागचंही होतं. मागच्या दारानं भल्या पहाटे येऊन संडास साफ करणारा माणूस सगळं बघत होता, आणि त्याची साक्ष कोणी घेतली नसती. विहिरीवर पाणी कोणाला मिळत होतं आणि कोणाला नाही, हे त्याच नागपुरातलं सत्य आहे. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांच्या सोबत लाखो माणसांनी जुनी ओझी उतरवून धम्म स्वीकारला, तिथे बसून 'जुना काळ किती छान' असं लिहायला हात धजत नाही, धजूही नये. या प्रकारातली पुष्कळ पुस्तकं इथे घसरतात. नक्षीदार पडदे, चांदीची भांडी, आणि ती घासणारे हात कुठेच नाहीत. अशी पुस्तकं मी अर्ध्यावर ठेवते. मन लागत नाही, कारण तिथे लेखकानं करार मोडलेला असतो. सगळे धागे समोर ठेवतो म्हणाला आणि मागचं दारच लपवलं. चांगली कादंबरी मागच्या दाराशी जाते. माझ्या गोष्टीतही तो पहाटेचा माणूस आहे. कासारीण त्याला विचारते. आजवर त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं, म्हणून तो आधी उत्तरच देत नाही.

भिशीत ही गोष्ट वाचली तेव्हा आम्ही सातजणी होतो. घड्याळाचा धागा पाचजणींनी पकडला. सुताचा दोघींनी, त्यातली एक मोडी शिकलेली. मी मुद्दाम टाकलेला आणखी एक धागा होता, तो कोणाच्याच लक्षात आला नाही, आणि मला जरा वाईट वाटलं, कारण माझ्या मते तोच सगळ्यात चांगला होता.

मग जूनमध्ये काकूंचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, आठवडाभर कुठे जायचं नाही. मी रोज दुपारी जाऊन बसायचे. एका दुपारी पावसाची सर येऊन गेली होती, ओसरीवर मातीचा वास होता, आणि त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या खुनाच्या गोष्टी वाचून दाखव एखादी. पाहू कसं बरं वाटते ते." मी माझीच वही आणली. नानाजींचं मरण, भावाचं घड्याळ, पटकीची अफवा. काकू खाटेवर पडून ऐकत होत्या, हाताची बोटं पोटावर गुंफलेली. मला वाटलं डोळा लागला. मी धाकट्या जावेच्या जबानीवर आले, ती वाचली, आणि पुढे पुराणिकबुवांकडे वळले.

"थांब," काकू म्हणाल्या. "मागचं परत वाच."

मी परत वाचलं. गच्ची, मुंगवड्या, कावळे.

"खोटं बोलून राहिली ती." पट्टीखालून त्यांचा चेहरा माझ्याकडे वळला होता. "पोळ्याले कोणी वड्या घालते का? वड्या घालाव्या उन्हाळ्यात. श्रावणातल्या हवेत वड्या वाळत नाहीत, बुरा येते त्यांना. माझ्या सासूबाईंनी एकदा आषाढात उघडीप पाहून घातल्या होत्या, सगळ्या गाईपुढे टाकाव्या लागल्या. ज्या घरात नानाजी एवढे हिशेबी, त्या घरात मुगाची डाळ अशी नासवू देतीन का?"

मी काही बोलले नाही. त्यांना उठून बसायचं होतं. मी उशी सरकवून दिली. बाहेर पागोळ्या गळत होत्या. काकूंनी खाटेची कड धरली, थोडा वेळ विचार केला, आणि म्हणाल्या, "ती गच्चीवर होती हे खरं असन. पण वड्यांसाठी नाही. त्या गच्चीवरून मागचं दार दिसते का, ते सांग मला आधी."